बर्फाखालचं पाणी

आमच्या जुन्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा असा काही थर साचतो की मटाराची पिशवी ओढली तरी हलत नाही. मी उलथनं घेऊन ठोकायला लागलो, की आतून आवाज येतो, "अहो, गॅस जाईल! ठोकू नका, खालून सुटू द्या."

खालून सुटू द्यायची ही युक्ती अमेरिकेत फ्रँक किर्बी नावाच्या जहाजरचनाकाराने १८८८ सालीच वापरली होती. मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांच्या मध्ये मॅकिनॉची सामुद्रधुनी आहे. (समुद्र नसला तरी शब्द तोच!) दोन्ही काठांवर रेल्वे, मध्ये सुमारे ८ किलोमीटर पाणी. त्यामुळे मालगाडीचे डबे रूळ बसवलेल्या बोटीतून न्यायचे. पण हिवाळ्यात ते पाणीच गोठायचं. किर्बीने 'सेंट इग्नेस' या बोटीला मागच्यासारखाच पुढे नाळेखालीही (म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाखाली) पंखा बसवला. तो बर्फाखालचं पाणी ओढून घ्यायचा. आधार गेला की अधांतरी बर्फ स्वतःच्याच वजनाने मोडायचा आणि उरलेलं काम बोटीचं वजन करायचं.

रशियाने बैकल सरोवरासाठी अशीच बोट इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून सुट्या भागांत मागवली आणि सरोवराकाठी जोडली. ती १९०० मध्ये धावू लागली. पण १९०४ च्या हिवाळ्यात, जपानशी युद्ध पेटलेलं असताना, बर्फापुढे तिचंही काही चालेना. मग बर्फावरच रूळ टाकले आणि डबे घोड्यांनी ओढले!

माझा जीव मात्र मॅकिनॉच्या 'चीफ वावाटम' या बोटीवर. १९११ ची, शंभर मीटरहून लांब. डबे नाळेकडूनच आत शिरायचे आणि भरताना डावं-उजवं सांभाळावं लागायचं, नाहीतर बोट कलंडायची भीती. (सहलीला पिशवीत जेवणाचे डबे रचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) १९५७ मध्ये तिथे पूल झाला, पण तो मोटारींचा. मालडब्यांना बोटच लागायची. म्हणून १९८४ पर्यंत तिच्या भट्टीत माणसं फावड्याने कोळसा घालत राहिली. बाहेर गोठलेलं सरोवर आणि आत घामाने निथळणारे हे लोक!

पुढे तिला कापून तराफा केलं. तिचं एक वाफेचं इंजिन विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकच्या संग्रहालयात आहे. कोळसा घालायला आता तिथे कोणी नाही.