पूर्वीचं नाशिक राहिलंय का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर या विषयावर मी तोंड उघडत नाही, कारण उघडलं की बंद होत नाही. मी नाशिकची, लग्न होऊन पुण्याला आलेली, आणि नाशिकला जाऊन आले असं कुणाला कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, काय मग, पूर्वीचं नाशिक राहिलंय का? विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, मी फक्त हळहळायचं असतं. वाडे गेले, थंडी गेली, घाटाची रया गेली, जिकडे तिकडे टॉवर. मला ती हळहळ नीट जमत नाही हो.

वाड्यांचंच आधी घेते, कारण सगळ्यात जास्त अश्रू तिथेच ढाळले जातात. आमचा वाडा तिवंध्याच्या बाजूला होता, आता तिथे बिल्डिंग आहे आणि खाली मोबाईल कव्हरांची दुकानं. फेसबुकवर वाडा म्हणजे चौक, तुळस आणि झोपाळा, पण आम्ही राहिलो त्या वाड्यात पावसाळ्यात प्रत्येक खोलीत एक पातेलं गळतीखाली असायचं, संडास सगळ्या बिऱ्हाडांत मिळून एक, आणि भाडेकरू महिन्याला जे भाडं द्यायचे त्यात कौलं सोडा, खिळेसुद्धा आले नसते. मालकी तीन भावांची, मग त्यांच्या मुलांची, मग बहिणींनीही हिस्सा मागितला (मागायलाच हवा होता), सह्या करायला एकजण ठाण्याला तर एकजण अमेरिकेत, अशात भिंत दुरुस्त कोण करणार? शेवटी धोकादायक इमारतीची नोटीस आली आणि सगळ्यांचं एकदाचं एकमत झालं. आत्या आता गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहते. तिला वाड्याची आठवण येते का म्हणून मी मोठ्या हौसेने विचारलं तर म्हणाली, "अगं रात्री उठून जिना उतरायला लागत नाही, अजून काय पाहिजे?"

आणि पूर्वीचं म्हणजे नेमकं कधीचं? २ मार्च १९३० ला बाबासाहेबांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला, दादासाहेब गायकवाडांसारखी नाशिकची माणसं तो पुढे कित्येक वर्षं लढवत राहिली, आणि देवळाचे दरवाजे काही उघडले नाहीत. तेही पूर्वीचंच नाशिक. ते राहिलं नाही याचं दुःख मला नाही.

पण म्हणून सगळं गेलं असंही नाही. मला दरवेळी नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. पावसाळ्यात कधी जाऊन बघा, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव क्युसेकमध्ये बोलायला लागतं. भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला माणूस, सगळे. होळकर पुलाखाली आत्ता किती चाललंय, संध्याकाळी किती सोडणार, व्हॉट्सॲपवर आकडे फिरत असतात, आणि तरी शेवटचा प्रश्न एकच असतो, दुतोंड्याला कुठवर आलंय? दुतोंड्या मारुती म्हणजे रामकुंडाजवळ नदीपात्रातच उभी असलेली दोन तोंडांची मूर्ती, तोच आमचा पूरमापक. पायाशी पाणी असलं तर बघायला जायचं, कमरेला आलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतात, छातीच्या वर गेलं की मग कुणी कुणाला विचारत नाही. आजी १९६९ च्या पुराचं सांगायची तेव्हाही हिशोब मारुतीवरच असायचा. २००८ ला, २०१६ ला, २०१९ ला बाजारात पाणी शिरलं तेव्हाही तोच. धरण १९६५ ला पूर्ण झालं, सरकारकडे मोजायची यंत्रणा आहे, मोबाईलवर अलर्ट येतो, पण दुकानदार माल हलवतो तो मारुतीची कंबर बघून.

समोरच नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं, त्याची ती प्रसिद्ध घंटा वसईच्या विजयानंतर आणलेली. पाणी घंटेला लागलं म्हणजे महापूर असं जुनी माणसं म्हणायची. घंटेचे फोटो सगळे काढतात, पण तिच्याकडे बघून कुणी दुकान आवरत नाही. म्हणून माझ्या मते ती गेली आणि मारुती राहिला, दोघंही जागेवर असले तरी.

रहाडींचंही तसंच. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा दणका मोठा, आणि गावात रस्त्याखाली दगडी हौद आहेत, पेशवाईपासूनचे म्हणतात, त्यांना रहाड म्हणायचं. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात, वरून गाड्या जातात, बाहेरच्या माणसाला पत्ताही लागत नाही की आपण हौदावर स्कूटर लावलीय. रंगपंचमीच्या आधी उकरतात, साफ करतात, पाणी भरतात, फुलांचा वगैरे रंग करून ओततात, पूजा होते आणि मग धप्पे सुरू. धप्पा म्हणजे उडी अशी मारायची की काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. त्याच गल्लीतली फ्लॅटमध्ये गेलेली पोरं त्या दिवशी कॉलेज रोडवरून, सिडकोतून बरोबर आपल्या रहाडीवर हजर होतात. इतर वेळी गावात पार्किंग नाही म्हणून नाकं मुरडतात तीच.

आता नदी. तिथे मात्र मला राग येतो. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो आणि गंगेचे हाल कुंभाच्या नावाने जास्त होतात की कसं असं कधी कधी वाटतं. २००३ च्या कुंभाच्या वेळी गर्दीला उभं राहायला सोयीचं म्हणून पात्रात काँक्रीट ओतलं, त्याखाली जुनी कुंडं आणि त्यांचे झरे गेले. नंतर लोक कोर्टात गेले, काही ठिकाणचं काँक्रीट काढायलाही लागलं, म्हणजे आधी खर्च बुजवायला आणि मग खर्च उकरायला. २०१६ ला एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं, टँकरने पाणी आणून ओतलं, आणि त्याच वर्षी २ ऑगस्टला त्याच पात्राला पूर. वर धरण आहे, म्हणजे पाणी सोडतील तेव्हा येणार हे मान्य, पण तळच सिमेंटचा केल्यावर खालून तरी कुठून येईल? आता २०२७ च्या कुंभाची तयारी चालू आहे, सगळं गाव खणलेलं आहे, आणि "सुशोभीकरण" असा बोर्ड दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि तिथून जवळच नदीकाठी काझीची गढी आहे. १९५०-५१ मध्ये सांकलिया आणि देव या पुरातत्त्वज्ञांनी नाशिकला उत्खनन केलं, ताम्रपाषाण काळापर्यंतची (म्हणजे माणसं तांब्याबरोबर दगडाचीही हत्यारं वापरायची तेव्हाची) वस्ती सापडली, ती या मातीच्या ढिगात. म्हणजे नाशिकचं सगळ्यात पूर्वीचं नाशिक हेच. त्या गढीच्या कडेवर आज माणसं राहतात, दर पावसाळ्यात मातीचा कडा ढासळतो, दर पावसाळ्यात नोटिसा निघतात, दर वर्षी तेच. पूर्वीचं राहिलंय का म्हणून विचारणाऱ्या एकालाही मी गढीबद्दल बोलताना ऐकलेलं नाही, सगळे झोपाळ्यावरच अडकलेले.

तर तुम्हाला खरंच बघायचं असेल तर बुधवारी जा, गंगेवर बाजार भरतो त्या दिवशी. गाडी आणू नका, रविवार कारंजावर रिक्षातून उतरा आणि भांडी बाजारातून खाली चालत या, तांब्यापितळेची दुकानं लागतील, घासाघीस करा, चालते. पावसाळा असेल तर मारुती आधी बघा. आणि रंगपंचमीला जाणार असाल तर चांगले कपडे घालू नका, काठावर उभं राहून फक्त बघतो म्हटलेलं तिथे कुणी ऐकत नाही.