विटेच्या पोटातली अक्षरं

रस्त्याच्या कडेला विटांचा ट्रक रिता होत असला की मी जरा रेंगाळते. बघायचं काय, तर विटेचं पोट. हाताने थापलेल्या विटेच्या एका अंगाला उथळ खाच असते आणि त्या खाचेत अक्षरं. कुठे मालकाच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं, कुठे ‘साई’, कुठे नुसताच आकडा. खाच कशासाठी, तर तिच्यात माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट-वाळू, बसतो आणि वरची वीट खालचीला धरून राहते. अक्षरं कशासाठी, तर भट्टीवाल्याची हौस, आणि गिऱ्हाइकाने पुढच्या खेपेलाही हीच वीट मागावी एवढा हिशोब. ही जाहिरात मोठी गमतीची आहे. गवंडी खाच वर ठेवून वीट लावतो, खाचेत माल पडतो, त्यावर दुसरी वीट बसते, आणि मालकाचं नाव पुढची पन्नास-साठ वर्षं अंधारात जातं. घर पाडायला काढलं तरच ते पुन्हा उजेडात यायचं.

साच्यात हीच अक्षरं उलटी आणि उठावाची असतात. थापणारा ती दिवसभर चिखलावर दाबतो.

त्या चिखलाची तयारी आदल्या संध्याकाळी माती भिजत घालण्यापासून होते. नुसती काळी माती कामाची नाही. वाळताना ती आकसते, भेगाळते. म्हणून तिच्यात पोयट्याची माती, राख, भाताचं तूस, उसाच्या पट्ट्यात साखर कारखान्याचा बगॅस म्हणजे उसाचा चोथा, असं ज्या गावाला जे मिळेल ते कालवतात. कऱ्हाड-सांगलीकडच्या विटेने नाव कमावलं ते कृष्णाकाठच्या गाळावर. तूस आणि बगॅस भट्टीत आतल्या आत जळून जातात. विटेला पोटातून धग लागते आणि ती हलकीही होते. उन्हं वर यायच्या आत हा गारा पायांनी तुडवायचा. किती तुडवायचा, हे भाकरीचं पीठ मळणाऱ्या बाईला जसं कुणी सांगत नाही, तसं इथेही सांगत नाहीत.

मग साच्यात राख नाहीतर बारीक वाळू भुरभुरायची, म्हणजे माती साचा सोडते. दोन्ही हातांनी गोळा उचलायचा आणि साच्यात आपटायचा. जोरातच आपटायचा, कारण चारही कोपरे त्या एका आपटण्यात भरतात. नंतर बोटांनी दाबून भरलेला कोपरा वाळल्यावर तुटतो. वरची जास्तीची माती निपटायची, साचा खळ्यावर पालथा घालायचा आणि सरळ वर उचलायचा. जरा तिरका उचलला की वीट वाकली. हे सगळं व्हायला जेमतेम हा परिच्छेद वाचण्याइतका वेळ लागतो.

नवरा-बायकोची जोडी दिवसाला हजाराच्या आसपास विटा थापते, आणि मजुरीही हजारावरच ठरते. आता नऊ-चार-तीन इंची भाजलेली वीट तीनेक किलोची धरा. ओली त्याहून जड. म्हणजे दोघांनी मिळून एका दिवसात तीन टनांहून जास्त चिखल हाताने उचलला, आपटला आणि पालथा घातला. तोही उकिडवं बसून. हस्तकला म्हटलं की आपल्याला पैठणी आठवते, फार तर वारली चित्रं. विटेला त्या यादीत कुणी घेत नाही, कारण आपण कलेत वेगळेपणा शोधतो आणि विटेचं सगळं कसब एकसारखेपणात आहे. हजारावी वीट पहिलीएवढीच निघाली पाहिजे, आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं, पाठ बोलायला लागलेली असते. मला तर हे मोर विणण्याहून सोपं वाटत नाही.

थापणारी माणसं बहुधा भट्टीच्या गावची नसतात. रायगड, ठाणे, पालघरकडचे कातकरी दिवाळीच्या सुमाराला घर बंद करून मुलाबाळांसकट भट्टीवर येतात आणि पाऊस तोंडावर येईतो राहतात. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत थापायचं. हिशोबाची वही मालकाकडे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. पण किती तरी वह्यांमध्ये हंगाम संपला तरी बाकी उरते आणि पुढच्या दिवाळीवर जाते. राहायला भोंगा. विटा नुसत्या एकावर एक रचलेल्या, मधे माल नाही, वर गवत नाहीतर प्लास्टिक. वसई-भिवंडीकडच्या भट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने १९९०च्या दशकात ‘भोंगा शाळा’ चालवल्या. मुलं आईबापांबरोबर फिरतात आणि गावची शाळा मागे राहते, म्हणून शाळाच भट्टीवर नेली. दिवसभर उलटी अक्षरं दाबणाऱ्यांची पोरं तिथे सुलटी अक्षरं गिरवायला बसली.

वाळायला घातलेल्या विटा आधी आडव्या असतात, थोड्या घट्ट झाल्या की कडेवर उभ्या करतात, मग वारा खेळेल अशी जाळी रचतात. या दिवसांत भट्टीवाल्याच्या घरी आभाळाकडे पाहण्याचं काम चालतं. मार्च-एप्रिलमध्ये अवकाळीची एक सर आली की महिन्याची मेहनत पुन्हा चिखल. भाजलेल्या विटेला पावसाचं भय नाही, कच्ची वीट मात्र तासाभरात मातीला मिळते.

वाळलेल्या विटा भट्टीपर्यंत न्यायला बऱ्याच ठिकाणी अजून गाढवंच आहेत. ट्रॅक्टर जिथे वळत नाही तिथे गाढव वळतं, आणि रस्ता एकदा दाखवला की मागे माणूस लागत नाही. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. दात बघून वय ठरतं, वयावरून किंमत. घेणाऱ्यांत वीटभट्टीवाले असतातच. खंडोबाच्या पायथ्याशी गाढवाच्या जबड्यात डोकं घालून सौदा करणारे लोक पाहिले की यंत्रयुग आपल्याकडे नक्की कुठवर आलंय, याचा अंदाज येतो.

उत्तर हिंदुस्थानात उंच चिमणीच्या भट्ट्या दिसतात. त्यांचं मूळ बुल नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८७६ साली आणलेल्या भट्टीत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चिमणी नाही. कच्च्या विटाच रचत रचत भट्टी उभी करायची, थरांमध्ये कोळशाची भुकटी, तूस, बगॅस पसरायचा, खाली तोंडं ठेवायची, बाहेरून चिखलाने लिंपायचं आणि पेटवायचं. पुढे कित्येक दिवस ती आतल्या आत धुमसते. नऊशे ते हजार अंश सेल्सियस उष्णतेला मातीतल्या लोहाचा रंग लाल चढतो. पण सगळ्यांच्या वाट्याला सारखा जाळ येत नाही. मधल्या थरातली वीट पक्की लाल. जाळाला अगदी चिकटलेली वितळते, काळपटते, वेडीवाकडी होते, ती खंगर. बाहेरच्या अंगाची फिकट पिवळट राहते, नखाने खरवडली जाते. एकच माती, एकच हात, आणि नशीब ठरलं रचताना कुठे ठेवली त्यावर. खंगर घराच्या पायात भरायला जाते किंवा बागेत वाफ्याला कड लावायला. गवंड्याची परीक्षा सोपी. दोन विटा एकमेकींवर आपटून बघतो: खणकन वाजली तर पक्की, बद्द वाजली तर परत.

एवढ्या साऱ्या प्रवासात ओली वीट जे अंगावर उमटेल ते ठेवून घेते. साच्यातून निघताना लागलेला अंगठा, रात्री खळ्यावरून गेलेलं कुत्रं, कोंबडीची तीन बोटं. सिंधमधल्या चन्हुदारो इथे एक वीट सापडली, तिच्यावर मांजराची पावलं आणि त्यांच्यामागे कुत्र्याची. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचा पाठलाग, पुराव्यासकट. त्या हडप्पा काळच्या विटेचं प्रमाण उंची-रुंदी-लांबीला एकास दोनास चार असं काटेकोर. त्या गावाच्या राजाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, मांजर घाईत होतं हे ठाऊक आहे.

विटेचा विषय निघाला की मराठी माणूस पंढरपूरला पोचतोच. मीही पोचते, पण माझ्या मनात एक फाटा फुटतो. पुंडलिकाने वीट भिरकावली, देव तिच्यावर उभा राहिला, सगळं खरं. ती थापली कुणी? तिच्या पोटात कुणाचं नाव असेल तर ते आता देवाच्या पायाखाली आहे आणि तपासायची सोय नाही.

शनिवारवाड्याचा तट बघा. खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. यावर पुण्यात आख्यायिका सांगतात की दगडी कोट बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, म्हणून साताऱ्याहून हरकत आली आणि पेशव्यांना वर विटांवर यावं लागलं. खरं-खोटं काही असो, गोष्टीत विटेचा दर्जा चोख ठरलेला आहे: दगड राजाचा, वीट चाकराची. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंतींत पेशवाईतल्या चपट्या, पातळ विटा अजून दिसतात. त्यांच्या पोटात मात्र अक्षरं नसतात. नाव छापायची हौस पुढची.

आता बांधकामांवर राखेच्या विटा आणि पांढरे हलके ब्लॉक येतात. औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात बांधकामासाठी त्यांची राख वापरायची सक्ती १९९९पासून आहे. शेतातली वरची कसदार माती वाचते, भट्टीचा धूर वाचतो, हे सगळं मला पटतं. तरी भिंतीत खिळा ठोकताना ब्लॉकचा भुगा पडला की मन कुरकुरतं. भट्टीवरच्या उकिडव्या पाठीही वाचतात, हे मान्य केल्यावर कुरकुर बंद व्हायला हवी. होत नाही.

घराच्या पुढच्या खोलीची एक भिंत गिलावा न करता विटांची उघडी ठेवावी असं मनात आलं होतं. अंगठे, पावलं, काय असेल ते दिसू दे. मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताई, उघडी ठेवायची तर विटा निवडून घ्याव्या लागतील. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, डाग नको. मग विटांमधल्या दरजा भरायचं काम वेगळं. मजुरी दुप्पट.”

“डाग असलेल्याच हव्यात मला.”

“मग लोक म्हणतील पैसे संपले म्हणून गिलावा राहिला.” थोडा वेळ थांबून त्यांनी खिशातून मोबाइल काढला, एक फोटो दाखवला. “त्यापेक्षा गिलावा करून ही टाइल लावू. हुबेहूब विटेची आहे. मधे मधे एखादी तुटकी, काळपट पण येते, बघा. कंपनीच छापून देते.”