होडीपासून साकवापर्यंत: आमची वाटचाल

आमचं मूळ काम फायबरच्या होड्यांचं. मालवणच्या किनाऱ्याला बाबांचं छोटं वर्कशॉप होतं. साच्यावर जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, मग रेझिन म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, आणि रोलर फिरवून बुडबुडे काढायचे. शाळेतून आलो की रोलर माझ्या हातात. एक दिवस होडी दुरुस्तीला आणलेल्या काकांनी बाबांना विचारलं, "होडयेक फायबर चलता, मगे घराक कित्याक नाय?" काकांच्या पडवीच्या स्लॅबचे पोपडे पडत होते. आतली सळी बोटाने चुरडता येईल इतकी गंजलेली.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे दृश्य नवं नाही. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ ओलीबरोबर काँक्रीटच्या छिद्रांतून सळीपर्यंत पोचतं. सळी गंजते, गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, आणि काँक्रीट आतून फुटतं. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ किनाऱ्यावरच्या काँक्रीटला सळीवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगतं. आम्ही फोडलेल्या जुन्या घरांत बऱ्याचदा निम्मंही मिळत नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना कळलं की जगात हे काम कधीच सुरू झालंय. स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलाची ताणलेली केबल ड्रिल करताना तुटली होती. १९९१ मध्ये तो पूल खालून कार्बन फायबरच्या पट्ट्या चिकटवून सावरला. १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो कार्बन फायबरने केलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पण पहिलं मोठं काम आम्ही बिघडवलं. एका लॉजचे चार खांब होते. पाऊस नुकताच संपलेला, सीझन तोंडावर, मालक घाईत. आम्ही वरचे पोपडे काढले, मॉर्टर भरलं, काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीने, म्हणजे कडक होणाऱ्या गोंदाने, गुंडाळलं आणि रंग दिला. दिसायला सुरेख. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका खांबावर उभा फुगवटा आला. कापून पाहिलं तर आत ओल आणि तांबडा गंज. कापड चांगलं होतं, पण जखम न धुताच पट्टी बांधली होती. चारही खांब आम्ही स्वखर्चाने पुन्हा केले. तेव्हापासून पावसाळ्यात, किंवा भिंतीला ओल असताना, आम्ही इपॉक्सी उघडतसुद्धा नाही. गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल.

आता आधी हातोडीने अख्खा खांब ठोकतो. भरीव जागी टणटणीत वाजतं, पोकळ जागी बद्द. बद्द वाजलं तिथे सळीच्या मागे बोट जाईल इतकं काँक्रीट काढायचं, सळी घासून चकचकीत करायची, फार बारीक झाली असेल तर जोडीला नवी द्यायची. मॉर्टर वाळलं की खांबाचे कोपरे घासून गोल करायचे, नाहीतर धारेवर धागा कापला जातो. मग प्रायमर, कापड, आणि वर उन्हापासून वाचवणारा कोट. शेवटी एक लोखंडी चकती चिकटवून यंत्राने उपटतो. चकतीबरोबर काँक्रीटचा लचका आला तर काम पास. नुसतं कापड सुटून आलं तर पुन्हा पहिल्यापासून.

काचेच्या फायबरच्या सळ्याही आता मिळतात, त्यासाठी २०२३ चं भारतीय मानक आयएस १८२५६ आहे. गंजत नाहीत, वजनाला लोखंडाच्या चौथाईच्या आसपास. म्हणून लोक विचारतात, "सगळं घर याच सळ्यांचं करूया?" मी सरळ नाही म्हणतो. या सळ्यांचा ताठपणाही लोखंडाच्या चौथाईच्या जवळपासच, म्हणून तुळई जास्त झुकते. लोखंड तुटण्याआधी ताणलं जातं, इशारा देतं. ही सळी देत नाही. साइटवर वाकवताही येत नाही, सळ्यांना बांधून ठेवणाऱ्या रिंगा कारखान्यातूनच आणाव्या लागतात. कुंपणाच्या भिंती, अंगणाचा कोबा, खाडीकाठची पायवाट, अशा ठिकाणी ती मी आनंदाने देतो. घराच्या तुळया-खांबांत इंजिनिअरच्या हिशोबाशिवाय नाही.

माझं सगळ्यात आवडतं काम मात्र एका वाडीतला साकव, म्हणजे पायी जायचा छोटा पूल. तिथल्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दरवर्षी माडाचे ओंडके टाकायचे आणि पावसात ते वाहून जायचे. क्रेन पोचेल असा रस्ता नाही. आम्ही फायबरच्या तयार तुळया आणल्या आणि चार-चार जणांनी एकेक खांद्यावरून उतरवली. ताकदीच्या हिशोबाने लहान तुळईही पुरली असती, पण झोक जास्त आला असता, म्हणून एक माप मोठी घेतली.

तरी पहिल्याच दिवशी गवताचा भारा घेऊन आलेल्या काकी मध्यावर थांबल्या. "हलता मां रे!" म्हणत परत फिरल्या. मग आम्ही खालून सूत ताणलं आणि साकवावर रेतीच्या गोण्या रचल्या. तुळई सुताकडे किती सरकली ते सगळ्यांसमोर पट्टीने मोजलं. गोण्या रात्रभर ठेवल्या. सकाळी उतरवल्या, तुळई होती त्या जागी परत आली. काकींनी स्वतः वाकून सूत बघितलं, भारा डोक्यावर घेतला आणि पलीकडे गेल्या.