ट्विन-फिन वेव्ह बोर्ड: नाशिकहून समुद्रावर नेताना

विंडसर्फिंगचा (शीड लावून वाऱ्यावर चालवायचा) ट्विन-फिन वेव्ह बोर्ड, म्हणजे तळाशी दोन फिन (पाण्यात उतरणारी पाती) असलेला लाटांचा बोर्ड, नाशिकच्या गंगापूर धरणासारख्या सपाट पाण्यावर टाकला तर तो निराशच करणार. वाऱ्याच्या तोंडाकडे नीट चढत नाही, पाण्यावर उचलून धावायला उशीर लावतो, मागच्या पायाने रेटलं की शेपूट सटकते. यात बोर्डाची खोट नाही. तो लाटेवर वळण्यासाठीच बनलेला आहे.

सिंगल-फिन वेव्ह बोर्डाला मधोमध साधारण २१ ते २४ सेंटिमीटरचा एकच फिन असतो. ट्विनला १५ ते १७ सेंटिमीटरचे दोन, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना. बोर्ड कडेवर कलला की आतल्या बाजूचा फिन खोल जातो आणि पकड धरतो, बाहेरचा वर येतो. लांब मधला फिन कलायला जो विरोध करतो, तो इथे खूपच कमी. म्हणून लाटेच्या पायथ्याशी बोर्ड चटकन कडेवर येतो आणि छोट्या वर्तुळात फिरतो. सर्फिंगमध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्क रिचर्ड्सने १९७९ ते १९८२ सलग चार जागतिक विजेतेपदं ट्विन-फिनच्याच जोरावर मिळवली. शिडाच्या बोर्डांवर ही मांडणी रुळायला पुढे बरीच वर्षं गेली.

शेपूट सटकण्याचं कारण समजून घ्या. छोट्या फिनवर एकदम आडवा दाब आला की वरून हवा खेचली जाते आणि पकड सुटते. मोठा फिन लावणं हा त्यावरचा उपाय नव्हे. वजन थोडं पुढे, मास्टच्या (शिडाच्या खांबाच्या) पायावर घ्या, आणि फिनऐवजी बोर्डाच्या कडेवर उभं राहायला शिका. सिंगल-फिनची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

फिन बसवताना शेपटीपासून टेपने मोजा. दोन्ही अंतरं मिलिमीटरपर्यंत सारखी हवीत, नाहीतर बोर्ड एका बाजूला एक वागेल, दुसरीकडे वेगळंच. सुरुवात फिन बसतो त्या खाचेच्या मध्यावर. मग एका वेळी ५ मिलिमीटर सरकवा: पुढे नेले की बोर्ड मोकळा, मागे नेले की पकड जास्त. फिनची एक बाजू सपाट असेल तर ती आतल्या अंगाला, मधल्या रेषेकडे. स्क्रू बेताने आवळा. जोर लावला तर खाचेला तडा जातो.

आता नाशिकचं गणित. शहर साधारण ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवा समुद्रकाठापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. किनाऱ्यावर ५.० चौरस मीटरचं शीड जे काम करतं, त्याला इथे त्याच वाऱ्यात ५.३ लागेल. धरणाचं पाणी गोडं, म्हणून ८५ लिटरचा बोर्ड इथे ८५ किलो पेलतो, समुद्रात ८७. धरणावर बेताचा वाटलेला बोर्ड समुद्रात किंचित जास्त तरंगतो. म्हणून बोर्डाचा आकार धरणावरच्या अनुभवावरून ठरवू नका.

जव्हारमार्गे पालघरच्या किनाऱ्याकडे उतरताना आणि विशेषतः परत चढताना हवेच्या दाबाचा विचार कराच. समुद्रसपाटीवर व्हेंट स्क्रू (बोर्डातली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या भोकाचा स्क्रू) आवळून बंद केलेला बोर्ड घाट चढून आला की बाहेरचा दाब सुमारे सात टक्के कमी झालेला असतो. आतली हवा फुगते, आणि मे महिन्यात गाडीच्या टपावर काळ्या कव्हरमध्ये बोर्ड तापला असेल तर वरचा थर आतल्या फोमपासून सुटून फुगवटा येतो. हाताने व्हेंट स्क्रू उघडायचा बोर्ड असेल तर प्रवासात स्क्रू सैल ठेवा. पाण्यात जाण्याआधी बोर्ड सावलीत थंड होऊ द्या, मगच स्क्रू बंद करा. तापलेला बोर्ड बंद करून थेट पाण्यात टाकला तर आतली हवा आकसते आणि जिथे फट सापडेल तिथून पाणी ओढून घेते. त्या स्क्रूखालची रबरी रिंग दर हंगामात बदला. तिच्यावर वाळूचा एक कण जरी अडकला, तरी पाणी आत झिरपतं.