स्लो वाढवून देऊ?

आमच्या जुन्या गाडीला ऐंशीने पळायला सांगा, तिची काही तक्रार नसते. कात्रजचा घाट चढायला सांगा, तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत का होईना, चढते. फक्त उभं राहायला सांगू नका. सिग्नल लाल झाला, ॲक्सिलरेटरवरून पाय उठला, की आधी स्टिअरिंग थरथरतं. मग आरशातला मागचा रिक्षावाला दोन-दोन दिसू लागतो. डॅशबोर्डवर ऑइलचा आणि बॅटरीचा लाल दिवा मिचमिचतो. आता गेलं, असं वाटतं तोच इंजिन कसंबसं सावरतं. कधी सावरत नाही, आणि सावरत नाही तेव्हा सिग्नल नेमका हिरवा झालेला असतो. पुण्यात त्यानंतर पुढे काय होतं ते सांगायला नकोच.

अशा गाडीचा चालक काही दिवसांत एक कसरत शिकतो. डावा पाय क्लचवर, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि त्याच पायाची कड ॲक्सिलरेटरवर. एसी बंद, कारण कॉम्प्रेसर सुरू झाला की आधीच दमलेल्या इंजिनावर आणखी ओझं. नळस्टॉपच्या चौकात मे महिन्यात काचा खाली करून, एका पायाने दोन पेडल सांभाळत बसलेली बाई दिसली, तर तिला वाट द्यावी.

दुखणं चारचौघांत बोललं की औषधं सुचवणारे येतातच. आमच्या सोसायटीत नुसतं बॉनेट उघडलं तरी पुरतं. "वहिनी, प्लग बदला." "प्लगचं काही नाही हो, पंप बदला, पेट्रोलमध्ये पाणी आहे." "एकदा एक्स्प्रेस-वेवर न्या आणि शंभरने ताणा, कार्बन उडून जाईल." या तिसऱ्या सल्ल्याला मी आधी हसले होते, पण त्यात थोडं तथ्य आहे. ठिणगी पाडणाऱ्या प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की त्यावर बसलेली काजळी जळून जाते. नुसत्या शहरातल्या फेऱ्यांत ते तेवढं तापतच नाही. आमच्या गाडीला मात्र याचा उपयोग झाला नाही. लोणावळ्याला छान पळत गेली आणि टोलनाक्यावर बंद पडली.

पळणारी गाडी उभी का राहू शकत नाही, हे मला शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या स्लो सायकलिंगच्या शर्यतीमुळे कळलं. वेगात सायकल कुणीही सरळ चालवतो. तोल थोडा ढळला तरी ते वेगात खपून जातं. जवळजवळ थांबून तोल सांभाळायचा म्हटलं की मात्र सगळं उघडं पडतं. इंजिनाचंही तेच. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारं झाकण, जवळपास मिटलेलं असतं. हवा अगदी थोडी, पेट्रोल थेंबभर, आणि तेवढ्यावर कुणाची मदत न घेता फिरत राहायचं. जोरात पळताना इंजिन इतकी हवा ओढतं की कुठून तरी चोरून आलेली थोडी हवा हिशेबात धरायचीही गरज नसते. आयडलला तीच थोडी हवा पेट्रोल-हवेचं सगळं मिश्रण पातळ करून टाकते.

त्यातून आमचं इंजिन तीन सिलिंडरचं. भारतीय रस्त्याला तीन सिलिंडरची ओळख घडवली ती १९८३ साली आलेल्या ७९६ सीसीच्या मारुती ८००ने. त्याआधीच्या ॲम्बॅसिडर आणि पद्मिनी या दोन्ही चार सिलिंडरच्या. मिनिटाला ९०० फेऱ्यांनी इंजिन फिरत असलं, तर तीन सिलिंडर मिळून सेकंदाला बावीस-तेवीस वेळा ठिणगी पडते. एका सिलिंडरने दांडी मारायला सुरुवात केली की कामाचा तिसरा हिस्सा गेला. चारात एक रुसला तर बाकीचे तिघं थोडंफार झाकून घेतात. तिघांत तसं होत नाही, गाडी डोक्यापासून पायापर्यंत हलते.

आम्ही पहिल्यांदा ज्या गॅरेजमध्ये गेलो तिथे "साहेब नाही आले का?" एवढं विचारून झाल्यावर माझी सगळी हकीकत एका वाक्यात निकालात निघाली. "स्लो वाढवून देतो." स्लो म्हणजे हेच आयडल. हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरला एक स्क्रू असतो. तो आत पिळला की थ्रॉटल थोडं उघडं राहतं आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर फिरत राहतं. दोन मिनिटांचं काम, आणि थरथर खरंच कमी होते. मला या स्क्रूचा राग आहे. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर खाली झटकून आणायचा, असला तो प्रकार. गाडी गॅरेजच्या दारातून गुणी होऊन निघते. मग पेट्रोल जास्त जायला लागतं, ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबूनही गाडी पुढे ढकलत राहते, आणि चावी काढली तरी इंजिन खोकत-खोकत आणखी चार गिरक्या घेतं. पुन्हा गेलं की स्क्रू आणखी थोडा आत.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने स्क्रूला हातच लावला नाही. त्याने आधी इंजिन चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. जी वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीच झोपलेलं. (हे घरी करू नये. त्या वायरींत हजारो व्होल्ट असतात.) फरक तिन्हींना पडत होता, म्हणजे झोपलेलं कुणी नव्हतं. मग त्याने प्लग बाहेर काढून माझ्यासमोर ओळीने ठेवले आणि रंग दाखवले. बिस्किटी असेल तर उत्तम. काळा आणि कोरडा असेल तर पेट्रोल जास्त. ओलसर, तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय, म्हणजे खर्च मोठा. आमचे तिन्ही पांढरट होते.

"हवा खेचतीय ताई कुठून तरी," तो म्हणाला. आणि मग एकदम: "ब्रेक कडक लागतो का हल्ली?"

लागत होता. पण ब्रेकचा आणि इंजिनाचा काय संबंध?

त्याने गॅसच्या रबरी नळीचा हातभर तुकडा घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं टोक इंजिनाभोवती फिरवू लागला. कार्बोरेटरच्या बुडाशी, तिथून सिलिंडरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या कडेला, एकेका पाइपच्या तोंडाशी. फायरवॉलजवळ, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ, थांबला आणि नळी माझ्या हातात दिली. मी कान लावला तर आत स्पष्ट सुस्कारा ऐकू आला, एकसारखा. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा जाड पाइप क्लिपच्या खाली, जिथे दिसत नाही तिथे, चिरला होता. त्याने पक्कडीला फडकं गुंडाळून पाइप मधेच दाबून धरला, आणि थरथरणारं इंजिन तिथल्या तिथे सावरलं.

गंमत अशी की थ्रॉटल मिटलेलं असताना मॅनिफोल्डमध्ये जी ओढ तयार होते, तिच्याच जोरावर बूस्टर आपल्या पायाला मदत करतो. समुद्रसपाटीला चांगल्या इंजिनात ही ओढ पाऱ्याच्या ४५० ते ५०० मिलिमीटरइतकी असते. पुणे ५६० मीटर उंचावर, म्हणून इथे ती पन्नासेक मिलिमीटरने कमीच भरते. पाइप चिरला की दोन्हीकडून नुकसान: ओढ कमी झाली म्हणून ब्रेक कडक, आणि आत फुकटची हवा शिरली म्हणून इंजिन लटपटणार. दोन वेगवेगळ्या तक्रारी म्हणून आम्ही ज्या घेऊन फिरत होतो त्या एकाच वितभर रबराच्या निघाल्या. आणि ही गोष्ट नुसत्या आयडलची नाही, ब्रेकची आहे. स्लो वाढवून ती झाकली गेली असती, हे आठवलं की मला त्या पहिल्या गॅरेजचा अजून राग येतो.

पाइप नाना पेठेत मिळाला, किरकोळ पैशांत. तो बसवल्यावर त्याने आधीच्यांनी आत पिळलेला स्क्रू परत बाहेर घेतला आणि मिश्रणाचा छोटा स्क्रू चिमूटभर इकडे, चिमूटभर तिकडे करत आवाज जुळवला. जाताना म्हणाला, पेट्रोलचे पाइपही बदलून घ्या, आता पेट्रोल पूर्वीचं राहिलं नाही. खरंच आहे. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, आणि त्यातलं काही उसाचं. जुनं रबर त्याने लवकर खराब होतं. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे निव्वळ पेट्रोलवर जुळवलेल्या कार्बोरेटरच्या हिशेबाने मिश्रण थोडं पातळच पडतं. नव्या गाडीचा संगणक हे ओळखून पेट्रोल वाढवतो. आमच्या कार्बोरेटरला टाकीत काय भरलंय ते कळायची सोय नाही. त्याला ऊस पचवायला स्क्रूड्रायव्हरच लागतो.

आता गाडी उभी राहते. एसी लावून, दोन्ही पाय जागेवर ठेवून.

परवा भाची शेजारी बसली होती. तिची गाडी नवी. थांबली की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की सुरू. लोणंदच्या बाजूला रेल्वे फाटक लागलं. मालगाडी होती, डबे संपत नव्हते. आमचं इंजिन एका लयीत फिरत होतं, आरसा स्थिर, दिवे विझलेले, आणि मी तिने काही म्हणायची वाट पाहत होते.

"मावशी," ती म्हणाली, "इंजिन चालूच ठेवलंयस? पेट्रोल फुकट जातंय की."