धुळं बायपासवरून दिसत नाही

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्याला भेटतात. म्हणून धुळ्यावरून गेलेली माणसं भरपूर, पण त्यांच्या लक्षात राहतात ते ढाबे, ट्रकच्या रांगा आणि धूळ. मे महिन्यात भर दुपारी स्टँडवर उतरलात तर दुसरं काही दिसणारही नाही.

सकाळी सातच्या आत पांझरा नदीवर या. देवपुराच्या बाजूला एकवीरा देवीचं दर्शन घ्या आणि पूल ओलांडून पायीच पेठेत शिरा. जुन्या धुळ्यातले बोळ वळणावळणाचे आहेत, पेठेतल्या गल्ल्या मात्र सरळसोट. 1818 साली खान्देश इंग्रजांकडे गेला, तेव्हा कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं करून ही पेठ आखून घेतली. गल्ल्यांना आजही नुसते नंबर आहेत. पत्ता विचारताना गल्लीचा नंबर आणि जवळचा चौक दोन्ही सांगा. नुसत्या नंबरावर गेलात तर गल्लीच्या भलत्याच टोकाला पोहोचता. गाडी आत घालू नका. दहानंतर आग्रा रोडवर बाजार भरला की ती वळवायलाही जागा मिळत नाही.

इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच गावात वारले. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात दप्तरं, पोथ्या आणि जुन्या मूर्ती आहेत. समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगाव हिंडून जमवलेली हस्तलिखितं आहेत, त्यांत खुद्द समर्थांच्या हातची वाल्मीकिरामायणाची प्रतही. ती पाहायला निदान दोन तास हाताशी ठेवा, आणि आधी फोन करून जा. विनोबांची गीतेवरची 18 प्रवचनं झाली तीही धुळ्याच्याच तुरुंगात, 1932 मध्ये, दर रविवारी. उतरवून घेणारे साने गुरुजी. एवढं असलेल्या गावाला नुसता 'फाटा' म्हणणं मला फार लागतं.

जेवायला शेवभाजीच घ्या. कांदा आणि सुकं खोबरं चांगलं काळसर भाजून, लसूण-आलं-कोथिंबिरीबरोबर बारीक वाटायचं. वाटण तेलात परतायचं ते कडेनं तेल सुटेपर्यंत. इथं घाई केली की रस्सा कच्चट लागतो. मग काळा मसाला, तिखट आणि उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री वर येत नाही. शेव भाजीचीच हवी, जाड आणि तिखट. फरसाणातली बारीक शेव लगेच विरघळते. ती टाकायची ताट वाढताना, आधी नाही, नाहीतर वाटीत लगदा उरतो. पार्सल नेणार असाल तर शेव वेगळी बांधून मागा, कोणी नाही म्हणत नाही. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मिळाली तर पोळीकडे बघूही नका.

ऊन उतरलं की मुंबईच्या रस्त्यानं दहाएक किलोमीटरवर लळिंग. किल्ला खान्देशच्या फारुकी सुलतानांचा. पाणी माणशी दोन लिटर खालूनच न्या, आणि अंधाराआधी उतरा, वाटेत मुरूम घसरतो. पावसाळ्यात गेलात तर पायथ्याच्या कुरणातला धबधबाही वाहता असतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर आग्र्याच्या दिशेनं सोनगीर, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. पितळेचं पातेलं घेताना कल्हई आतून सगळीकडे सारखी बसली आहे का ते उजेडात धरून बघा; पिवळा डाग दिसला तर तिथंच पुन्हा करून घ्या, कारण त्यात आंबट भाजी कळकते.