मीटरही सर्किटमध्येच असतो

९ व्होल्टच्या बॅटरीला १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकसर जोडा आणि मधल्या सांध्यावरचं व्होल्टेज मोजा. बॅटरी नेमकी ९ व्होल्टची धरली तर कागदावर उत्तर ४.५ येतं. डिजिटल मल्टिमीटर मात्र ४.२९च्या आसपास दाखवतो. त्याच जागी स्कोपचा (ऑसिलोस्कोपचा, म्हणजे व्होल्टेजचा आलेख पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा) १एक्सवर ठेवलेला प्रोब टेकवला तर ३. बिघडलेलं काहीच नसतं. मल्टिमीटरचा स्वतःचा रोध बहुधा १० मेगाओहम असतो. तो खालच्या रेझिस्टरला समांतर बसला की तिथे ०.९१ मेगाओहम उरतात. स्कोपचा रोध १ मेगाओहम, म्हणून तिथे उरतो अर्धा. प्रोब १०एक्सवर सरकवला की रोध १० मेगाओहम होतो आणि आकडा पुन्हा ४.२९वर.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याचं घोडं गणितापाशी अडत नाही. किरचॉफ येतो, थेव्हेनिन येतो, फूरियेही येतो. आकृतीत जे काढलेलंच नसतं, तेही टेबलावरच्या सर्किटमध्ये असतं, तिथे अडतं: मीटर, प्रोब, वायरी, ब्रेडबोर्डच्या पट्ट्या, डोक्यावरचा दिवा. फंक्शन जनरेटरचंच (हव्या त्या आकाराचे तरंग देणाऱ्या उपकरणाचंच) बघा. पडद्यावर १ व्होल्ट लावला आणि स्कोपवर २ दिसले, तर जनरेटरची सेटिंग ‘५० ओहम लोड’ अशी आहे. पलीकडे ५० ओहमच आहेत असं तो गृहीत धरतो आणि स्कोप त्याला १ मेगाओहम देतो. एक तर सेटिंग ‘हाय झेड’ (पलीकडे खूप मोठा रोध) करा, नाहीतर खरंच ५० ओहमचं टर्मिनेशन लावा.

शिकायला एलईडी लुकलुकवण्यापेक्षा फोटोडायोडचा अँप्लिफायर कितीतरी बरा. उजेड पडला की प्रवाह देणारा एक डायोड, दोन इनपुटमधला फरक प्रचंड वाढवणारा एक ऑपअँप, एक रेझिस्टर, बस्स. पण त्यात प्रत्यक्षातल्या जवळजवळ सगळ्या खोड्या भेटतात, आणि शेवटी हातात प्रयोगाला उपयोगी पडणारं उपकरण उरतं.

लागणारं सामान: बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, एमसीपी६००२ ऑपअँप, १ मेगाओहम, १०० किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टर, १० पिकोफॅरडचा आणि १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर (दुसऱ्यावर १०४ छापलेलं असतं), आणि तीन एए सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट. वरच्या प्रयोगातली ९ व्होल्टची बॅटरी इथे लावू नका. एमसीपी६००२ जास्तीत जास्त ६ व्होल्टवर चालवायचा असतो आणि त्याची सहनशक्ती ७ व्होल्टला संपते. डेटाशीटमध्ये हे दोन आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. दुसरा आकडा चिप कुठे मरते ते सांगतो. तिथे ती नीट काम करेल असं आश्वासन त्यात नाही.

जोडणी अशी. पिन ४ ग्राउंडला, ८ बॅटरीच्या धन टोकाला. पिन ३ ग्राउंडला. डायोडचा कॅथोड पिन २ला, अॅनोड ग्राउंडला. पिन १ आणि २ यांच्यामध्ये १ मेगाओहम. चिपचा दुसरा ऑपअँप मोकळा लोंबकळत ठेवायचा नाही: पिन ६ आणि ७ एकमेकींना जोडा आणि ५ला १ जोडा. मग पिन ७वर आउटपुटची बफर केलेली प्रत मिळते. लांब केबल तिथूनच न्या, पण मध्ये ४७० ओहम घालून. कोअॅक्स केबलची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड असते, आणि थेट आउटपुटवर एवढं ओझं टाकलं की ऑपअँप अस्थिर होऊ शकतो.

डायोडवर पडलेल्या उजेडाचा प्रवाह रेझिस्टरमधून जातो, म्हणून १ मायक्रोअँपिअरला १ व्होल्ट. खोलीतल्या सामान्य उजेडात काही मायक्रोअँपिअर सहज मिळतात. टेबललॅम्प जवळ आणला की आउटपुट ४.५ला जाऊन चिकटतं. तेव्हा १ मेगाओहम काढून १०० किलोओहम लावा.

आउटपुट शून्यावरून हलतच नसेल, तर वायरी उपसण्याआधी पिन २ आणि ३ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. फीडबॅक, म्हणजे आउटपुटचं रेझिस्टरमधून पिन २ला परत येणं, काम करत असेल तर ते काही मिलिव्होल्टच्या आत असलं पाहिजे. ०.३ व्होल्टच्या आसपास दिसलं तर डायोड उलटा आहे: तो छोट्या सौर सेलसारखा पिन २ वर ढकलतो, ऑपअँप आउटपुट शून्याखाली न्यायला बघतो, पण खाली जागाच नसते. कॅथोड कोणता याची शंका असेल तर मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि फोटोडायोड बोटांनी पूर्ण झाका (उजेडात रीडिंग फसवं येतं). अर्ध्या व्होल्टच्या वर रीडिंग आलं की लाल प्रोब ज्या पायावर आहे तो अॅनोड. ऑपअँपचं कुठलंही सर्किट रुसलं की दोन इनपुटमधला फरक आधी बघायची सवय लावून घ्या. निम्मे घोटाळे तिथेच उघडे पडतात.

खणात एलएम३५८ पडलेला असतो, पिनाही त्याच, म्हणून तोच लावायचा मोह होतो. त्याच्या इनपुटमधून साधारण २० ते ४५ नॅनोअँपिअर प्रवाह बाहेर येतो. डायोडचा तेवढा प्रवाह तिथूनच भागतो, रेझिस्टरमधून काही जातच नाही, आणि मंद उजेड आउटपुटवर दिसत नाही. शिवाय त्याचं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच अडतं. एमसीपी६००२चा इनपुट प्रवाह १ पिकोअँपिअरच्या घरात आहे.

आता स्कोप पिन ७वर लावा. बहुधा सरळ रेषा दिसणार नाही, लाटा दिसतील. इथे घाई करू नका, कारण या लाटा चार वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या असू शकतात. दोन शिखरांमधलं अंतर मोजा. १० मिलिसेकंद आलं, म्हणजे १०० हर्ट्झ, तर तो बहुतेक दिव्याचाच उजेड: ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा दर अर्ध्या आवर्तनाला एकदा फुलतो. (जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे १२० दिसेल.) डायोडवर काळी टोपी घाला, लाट गेली पाहिजे. २० मिलिसेकंदांची लाट टोपीखालीही टिकून राहिली तर ती विद्युत क्षेत्रातून आलेली आहे. पिन २चा सांधा आणि त्याला जोडलेली प्रत्येक वायर अँटेनासारखी वागते. डायोडचे पाय आखूड करा, ग्राउंडला जोडलेल्या डब्यात सर्किट ठेवा. आणि बॅटरीऐवजी अडॅप्टर लावला असेल तर टोपीखालीही १०० हर्ट्झ दिसू शकतो, कारण तो रेक्टिफायरचा असतो. बॅटरी लावून बघितली की सोक्षमोक्ष.

चौथी लाट बारीक असते आणि उजेड एकदम बदलला की दिसते: एलईडीला चौकोनी तरंग देऊन तो डायोडसमोर धरा, कडांपाशी आउटपुट थरथरेल. डायोडची धारिता शून्य व्होल्टला ७२ पिकोफॅरड आहे. ब्रेडबोर्डची आणि ऑपअँपची त्यात मिळवून एकूण ८५ धरा. १ मेगाओहम आणि ८५ पिकोफॅरड मिळून १.९ किलोहर्ट्झपासूनच फीडबॅकला उशीर करू लागतात. ऑपअँपचा गेन-बँडविड्थ गुणाकार (किती पट वाढवतो गुणिले वारंवारता) १ मेगाहर्ट्झ, म्हणून थरथर या दोन आकड्यांच्या गुणोत्तर मध्यापाशी, ४३ किलोहर्ट्झच्या आसपास येते. इलाज रेझिस्टरला समांतर छोटा कॅपॅसिटर. हिशोबाने ४ पिकोफॅरडही चालतात, पण १० लावा आणि निवांत राहा. बँडविड्थ १६ किलोहर्ट्झवर येते, प्रकाश मोजायला ती भरपूर झाली. एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये हीच आकृती डायोडची धारिता न घालता चालवली तर थरथर दिसतच नाही. जे काढलं नाही ते सिम्युलेटर कुठून आणणार?

१०० नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर पिन ८ आणि ४ यांच्यामध्ये, चिपला अगदी खेटून. ‘सप्लायला कॅपॅसिटर लावलाय की’ म्हणत तो बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला लावण्यात अर्थ नाही. वायरीचं इंडक्टन्स मिलिमीटरला ढोबळ १ नॅनोहेन्री, म्हणजे १० सेंटिमीटरला १००. कुठल्याही डिजिटल चिपने १० नॅनोसेकंदांत १० मिलिअँपिअर ओढले की तेवढ्या वायरीवर ०.१ व्होल्ट पडतो.

ब्रेडबोर्डबद्दल दोनच गोष्टी. कडेच्या सप्लायच्या पट्ट्या बऱ्याच बोर्डांवर मध्यावर तुटलेल्या असतात, म्हणून व्होल्टेज चिपच्या पिनेवरच मोजा, पट्टीवर नको. आणि जाड पायांचे भाग कोंबू नका. आतली स्प्रिंग एकदा फाकली की तिथे पुढे बारीक वायर लागल्यासारखी वाटते पण लागत नाही.

स्कोपच्या ग्राउंड क्लिपची मात्र धास्ती ठेवा. बहुतेक टेबलावरच्या स्कोपमध्ये ती थेट अर्थिंगला जोडलेली असते, आणि सगळ्या चॅनेलच्या क्लिपा आतून एकच असतात. सप्लायचं ऋण टोकही अर्थ केलेलं असेल आणि क्लिप मधल्याच बिंदूला लावली तर तो बिंदू शॉर्ट होतो. दोन बिंदूंमधला फरक हवा असेल तर दोन प्रोब लावा आणि स्कोपला वजाबाकी करायला सांगा. मल्टिमीटरचा असाच सापळा म्हणजे लाल वायर अँपिअरच्या भोकात विसरून व्होल्टेज मोजायला जाणं. फ्यूज उडतो तो यामुळेच.

सर्किट ब्रेडबोर्डवर शांत झालं की छिद्रांच्या बोर्डावर सोल्डर करा. शिशाचं ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतं. सोल्डरिंग आयर्न ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. पाय आणि पॅड दोन्ही एकदम तापवा, मग सोल्डर त्यांना लावा, आयर्नला नाही. दोन-तीन सेकंद पुरतात. धूर नाकात घेऊ नका, नंतर हात धुवा. पिन २च्या भोवतीचा फ्लक्स (सोल्डरमधली राळ) राहू देऊ नका: तिथून सप्लायपर्यंत १ गिगाओहमची जरी गळती झाली तरी ४.५ नॅनोअँपिअर आत शिरतात आणि तेवढा उजेड हरवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासा, पूर्ण वाळू द्या, आणि मंद उजेडातलं रीडिंग धुण्याआधीच्या रीडिंगशी ताडून बघा.